गान्यूची व्याख्या

झोम्बा शहरातल्या कामगार कचेरीत एकोणीस वर्षं निरीक्षक असलेल्या वेडसन कलिम्बुकाला दोनच गोष्टी पचत नसत: गार झालेला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि लामेक न्गोझो. न्सिमा निदान तापवता यायचा. लामेक आठ वर्षांनी धाकटा, पण कायदासुधार समितीत हातांची खुर्ची लामेकला आणि बिनहाताची वेडसनला. लामेक बोलला की अध्यक्षीणबाई मान डोलावत. वेडसन बोलला की चष्मा पुसत.

देशाच्या कायद्यात आपलं एक कलम असावं, लोकांनी त्याला कलिम्बुका कलम म्हणावं, एवढीच वेडसनची आयुष्याकडून अपेक्षा. आणि आज विषय त्याच्या हातातलाच होता. चहाच्या मळ्यांत बायका वर्षानुवर्षं राबत आणि मालक म्हणत, ही तर गान्यू, चार दिवसांची रोजंदारी. हिला कसली रजा? तेव्हा गान्यू म्हणजे काय, ते कायद्यात लिहायचं होतं.

लामेकने व्याख्या वाचली. इतकी गुळगुळीत, की माशी घसरावी. अध्यक्षीणबाईंची मान डोलली आणि वेडसन खुर्ची मागे सरकवून उठला.

"लामेकबाबा, कधी कुदळ धरलीयस का रे हातात?"

"तुम्हीच सांगा ना, दादा," लामेक गोड हसला.

रागाच्या भरात वेडसनने सांगून टाकलं. गान्यूला जाणारा स्वतःची कुदळ घेऊन जातो आणि संध्याकाळी घरी आणतो. मालकाचं हत्यार मालकाकडेच टांगून जो घरी येतो, तो नोकर. मळ्यातल्या बायकांच्या टोपल्या कुठे टांगलेल्या असतात, जाऊन बघा.

साक्षीला आलेल्या नासिबेकोबाई चौदा वर्षं चहा खुडत होत्या. त्या मागून म्हणाल्या, "आता कुणीतरी माणसासारखं बोललं."

लामेक शब्दन् शब्द टिपत होता. जेवणानंतर कलम छापून आलं. खाली नाव: ला. न्गोझो.

मळेवाल्यांचा प्रतिनिधी वेडसनच्या कानाशी लागला. अन्यायच झाला म्हणे साहेबांवर. एका अधिकाऱ्याने जरी आक्षेप घेतला, तरी कलम वर्षभर लांबणीवर जातं.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

वेडसनचा हात आपोआप वर गेला. नासिबेकोबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. आता तो नुसता खाली आणणंही बरं दिसेना.

"दुसऱ्या ओळीत," वेडसन म्हणाला, "स्वल्पविराम हवा."

तो मिळाला. कलम मंजूर झालं, आणि सगळा देश त्याला न्गोझो कलम म्हणू लागला. वेडसन मात्र भेटेल त्याला ते स्वल्पविराम वगळून वाचायला लावतो आणि वाचणाऱ्याला धाप लागेपर्यंत समोरून हलत नाही.