शेळीनं हुंगून सोडलेला दुधी

हे मी कुणालाच बोललेलो नाही. भावाला नाही, पोरांना नाही, देवळात एकटा बसलो तेव्हा देवालाही नाही. माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षर वाकडं येईल, ते येऊ दे. हौसा जाऊन तीन महिने झाले. ती असती तर मी हे लिहिलं नसतं — हेही आधीच सांगून टाकतो. तिच्या डोळ्यांदेखत जे बोलायचा धीर झाला नाही, ते आता कागदावर लिहितोय. यात मोठेपणा कसला?

पण आधी ती काय होती ते सांगू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

हौसा माझी बायको. काटेवाडीला आमची दीड एकर जमीन, पाटाच्या पाण्यावर. वांगी, मेथी, गवार, दुधी. पिकवायचं मी, विकायचं तिनं. दर गुरुवारी बारामतीच्या बाजारात गोणपाटाचं किलतान अंथरून बसायची. ताजी भाजी काय, कुणीही ओळखतो. पण दोन दिवसांची, चार दिवसांची, मान टाकलेली, देठ वाळलेली — ती खावी का टाकावी? हे ओळखणं काय असतं ते मी तिच्याकडं बघितलं. वरून पाणी मारून हिरवीगार केलेली मेथी कुणी आणली, तर ती जुडीच्या पोटात बोटं घालायची आणि डोळे मिटायची. आत ऊब लागली की म्हणायची, "हिला आतनं ताप चढलाय." जुडी सोडावी तर खरंच, मधली पानं काळी आणि चिकट. उलट एखादं सुरकुतलेलं वांगं मी म्हशीपुढं टाकायला निघालो की हातातनं काढून घ्यायची. अंगठ्यानं दाबायची, देठाखाली नखानं टोकरून वास घ्यायची.

"थकलंय ते. नासलं न्हाय. थकलेलं आन् नासलेलं एक धरू नगा."

एकदा बाजारात शेजारच्या म्हातारीचं कांद्याचं पोतं उभं होतं, तोंड शिवलेलं. हौसा आपली गवार निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मावशे, तुज्या पोत्यात बुडाला कांदा गेलाय."

"गप गं! नाक हाय का कुत्र्याचं?"

"कुत्र्याचं असतं तर तुज्याशेजारी कशाला बसले असते? खाटकाच्या दुकानाम्होरं बसले नसते व्हय?"

सगळ्या हसल्या. म्हातारीनं चिडून पोतं उसवलं आणि उपडं केलं. अगदी बुडाशी एक कांदा, पाणी सुटलेला. बाकी सगळे खणखणीत. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो. मलाही नाक होतं, दहा बोटं होती, तीच माती मीही तुडवत होतो. मग मला का कळत नव्हतं? ते तिच्यात कुठनं आलं होतं? मी विचारलं तर म्हणायची, "बघत ऱ्हायाचं." पण मीही बघतच होतो की!

गावात तिचा शब्द म्हणजे शिक्का. बायका पदराखाली भाजी घेऊन यायच्या — "हौसा, खाऊ का गं हे?" ती खा म्हणाली तर पोरांना वाढायच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी भाजी निवडायला पहिलं बोलावणं तिला. आणि मी? मी हौसाचा नवरा. बाजारात हमाल म्हणायचे, "सरका रं, हौसाबाईचा गाडीवान आला." मी हसायचो. हसणं वरचं होतं. आत काय होतं ते तीस वर्षांनी नीट लिहितो. मत्सर होता. बायकोचा मत्सर. दुसरा शब्द मला सापडत नाही.

लासुर्ण्याच्या बाजूला कारखाना नवा नवा उभा राहिला, त्या सुमाराची गोष्ट. माझी धाकटी बहीण काशी लासुर्ण्यात दिलेली. तिच्या थोरल्याचं जावळ काढायचं होतं. पोराला मामाच्या मांडीवर बसवतात, तेव्हा मला जाणं भागच. आणि जेवणाची भाजी मी आणतो म्हणून शब्द दिलेला. त्या महिन्यात आमची पाण्याची पाळी चुकली होती. गवार करपली, वांग्याला अळी लागली. राहिले आदल्या संध्याकाळी मी वेलावरनं तोडलेले दुधी. पोतंभर, चांगले मोठाले. वरून बघाल तर खोट काढायला जागा नाही.

हौसा त्या दिवशी बाहेर बसलेली. आमच्याकडं तेव्हा ते कडक होतं. चार दिवस गोठ्याच्या कडेला बसायचं, कशाला शिवायचं नाही. देवाच्या जेवणाच्या भाजीला तर नाहीच नाही. मी सकाळी पोतं गाडीत टाकत होतो. एक दुधी निसटला आणि घरंगळत शेळीपुढं गेला. मी उचलला, पोत्यात घातला. मला तेवढंच दिसलं.

"अवं," हौसा गोठ्यातनं म्हणाली. बारा पावलांवर असेल. "ते दुधी नेऊ नगा."

"का?"

"शेळी हुंगून फिरली. बघितलं न्हाय? शेळी दुधी सोडती व्हय कदी? येल पाण्यावाचून लई तापलाय. कडू उतरलं असतील. देठाकडची चकती काढा, जिभंला लावा, आन् मग न्या."

"हात न लावता सांगतीस?"

"हात लावता येत न्हाय म्हणूनच तुमास्नी सांगतीया."

चकती कापायला किती वेळ लागतो? विळा गाडीतच होता. मी नाही कापली. का नाही कापली? — कारण माझ्या मनात आलं, आज तरी तिच्या हाताशिवाय भाजी जाईल. आज तरी मी नेली म्हणून जाईल.

"शेळीच्या सांगण्यावरनं बहिणीच्या दारात रिकामा जाऊ व्हय?" म्हटलं आणि बैलांची शेपटी पिरगाळली.

"अवं, लेकरं जेवणार हायत!" ती मागनं ओरडली. ती उठून गाडीला आडवी येऊ शकत नव्हती. पोत्याला शिवू शकत नव्हती. तिला नुसतं बोलता येत होतं, आणि ते ऐकायला माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

लासुर्ण्यात पोतं उतरवलं. आचारी म्हणाला, दुधी मोठे दिसतायत, चिरायच्या आधी एक चकती चाखून घेतो. काशीचा नवरा हसला. "हौसावैनीच्या घरची भाजी चाखतोस? तुजीच इज्जत जाईल गड्या." आणि माझ्याकडं वळला, "काय पाव्हणं, वैनींनी बघितलीया न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

असा तिचा शिक्का मी त्या पोत्यावर मारला. तिच्या हाताशिवाय भाजी न्यायची होती ना मला? तिच्या नावाशिवाय ती पोत्यातनं बाहेरसुद्धा निघाली नाही. आत गेलो तर काशीनं विचारलं, वैनी का नाही आली. म्हणालो, बाहेर बसलीया. ते खरंच होतं.

देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी शिजलेली भाजी चाखायची नसते. तिखटजाळ रस्सा झाला. पंगती बसल्या. देवाचं अन्न, पानात कुणी टाकलं नाही. आणि उन्हं कलायच्या आत पोरं ओकायला लागली. मग बायका, मग म्हातारी माणसं. कुणीतरी ओरडलं, "पटकी!" — त्या शब्दासरशी शेजारपाजारची दारं धडाधड लागली. काशीची सासू पोट धरून अंगणात आडवी पडली, डोळे पांढरे केलेले. पुढं नऊ दिवस ती अंथरुणावर होती. जीव कुणाचा गेला नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. मेलं असतं कुणी, तरी मी तसाच वागलो असतो, असं मला वाटतं.

दिवेलागणीला आचारी म्हणाला, पटकी नाही ही, दुधी कडू होता.

"कसा आसंल?" काशीचा नवरा म्हणाला. "वैनींनी बघून दिलाय त्यो."

तेव्हा काशी उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आण्णा, पण वैनी बाहेर बसलीया म्हणालास न्हवं? मग भाजीला हात लावला तिनं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काशीची सासू पडल्या पडल्या कण्हत म्हणाली, "म्हंजी इटाळ कालवला गं देवाच्या अन्नात!"

एक वाक्य बोलायचं होतं. तिनं नको म्हटलं होतं, मी आणली. एवढंच. लेकरालाही बोलता येईल असं वाक्य. मी मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान हलवली. होय म्हणून.

त्या मान हलवण्यानं दुधी कडू होता हे सगळे विसरले. कडूपणही तिच्या शिवण्यानंच आलं, असं ठरलं.

मी गाडी घेऊन परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलणं काटेवाडीत पोचलं. हौसाचे चार दिवस सरले होते; न्हाऊन पाण्याला गेली, तिथं विहिरीवर तिनं ऐकलं. घागर घेऊन आली, उतरवली, माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता कडाडेल, आणि कडाडावं असंच मला वाटत होतं.

"म्या हात लावला व्हता?" तिनं विचारलं.

मी बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत राहिलो.

"बरं," ती म्हणाली.

तीस वर्षांत या विषयावर तिचं माझं झालेलं बोलणं ते एवढंच. तिनं चारचौघींत तोंड उघडलं असतं तर मी खोटा पडलो असतो, आणि ते तिला कळत होतं. पदराखाली भाजी घेऊन यायच्या त्या बायका यायच्या बंद झाल्या. लग्नाघरी तिला चुलीपासनं लांब बसवायला लागले. बाजारात गिऱ्हाइकं तिची वांगी आपल्या हातानं दाबून बघायची. एखादी आगाऊ विचारायची, "आज शिवायची हायस न्हवं गं?" आणि बाकीच्या खिदळायच्या. हौसा तागडी धरून बसलेली. कांदेवाल्या म्हातारीशी सुद्धा तिची थट्टा बंद झाली. कशाला चांगलं-वाईट म्हणायची नाही. घरात मी विचारलं, ही मेथी खायची का, तर म्हणायची, "तुमी बघा." मग मी जुडी हातात घेऊन उगाच वास घ्यायचो. मला काय कळणार? म्हणायचो, बरी हाय. ती घेऊन आत जायची. आणि ताटात कधीच वाईट काही यायचं नाही. कधीच! माझ्या 'बरी हाय'मधलं किती तिनं गुपचूप म्हशीला घातलं असेल? एकदा दारातनं बघितलं. चुलीपाशी पाठमोरी बसून दुध्याची चकती काढली, जिभेला लावली, थांबली, मग बाकीचा चिरायला घेतला. माझ्यासाठी. ज्यानं तिचं तोंड बंद केलं त्याच्या पोटात कडू जाऊ नये म्हणून. तीस वर्षं, दोन्ही वेळा. डोंगराखाली उभं राहून वर बघावं तसं मला व्हायचं. असलं माणूस माझ्या घरात राहत होतं, आणि त्याची किंमत मला एकट्याला ठाऊक होती.

आता एक राहिलं. ते लिहिलं नाही तर वरचं सगळं अर्धं.

त्या दिवशी लासुर्ण्यात मी पहिल्या पंगतीला बसलो होतो, पोराचा मामा म्हणून. पहिला घास तोंडात घातला आणि जीभ आक्रसली. कडू. विखार. तिखटातनंही लागलं. समोरच्या ओळीत पोरं बसली होती, त्यांना नुकतंच वाढत होते. काहींनी हातही लावला नव्हता. "थांबा" म्हणायला मला एवढा अवकाश होता. मी घास गिळला. दुसरा घेतला. सगळी भाजी संपवली, आणि पोरांकडं बघत बसलो. कळलं नव्हतं असं नाही. थांबा म्हटलं असतं तर पोरं वाचली असती — पण हौसा खरी ठरली असती.

संध्याकाळी मीही गाडीमागं जाऊन ओकलो. कुणाला दिसू दिलं नाही.

हौसाच्या तेराव्याला काशी आली होती. म्हातारी झालीय आता तीही. बायकांत बसली होती, मी ओसरीवर, चार हातांवर. डोळे पुसून म्हणाली, "आमच्या वैनीकडनं येकदा चूक झाली, पर आमी मनात धरली न्हाय. आता तर गेली बिचारी. माफ हाय तिला." बायकांनी माना डोलावल्या. माझ्या सुनेनंही डोलावली. मी ऐकलं, आणि शेजारचा तांब्या उचलून पाणी प्यालो.

हौसानं त्या दुध्यांना हात लावला नव्हता. ते कडू आहेत हे तिनं लांबनं ओळखलं होतं आणि मला सांगितलं होतं. काशीनं तिला माफ केलं. माफ करण्यासारखं तिनं काही केलंच नव्हतं.