विलायती कुत्र्याला हळद लागली

धाकट्या दिरानं पुण्याहून कुत्रं आणलं तेव्हा ते पिशवीत मावत होतं. पांढरं, लांब केसांचं. "याची आई पामेरियन हाय," दीर म्हणाला. बापाचं त्यानं सांगितलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं नाही. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात मात्र ते सांगून आले, की आमच्या घरी विलायती कुत्रं आलंय. दीर परत गेला. कुत्रं घरी राहिलं, म्हणजे माझ्याकडं राहिलं.

त्याचा विलायतीपणा सगळा केसांत होता. एक कान उभा, एक पडलेला. एसटीचा हॉर्न ऐकला की अंगणभर भुंकायचं आणि मांजर दिसलं की माझ्या साडीमागं लपायचं. दुपारी चुलीतल्या गार राखेत झोपायचं. "तिकडं हे साहेबाच्या मांडीवर बसतंय," असं सासरे आल्यागेल्याला सांगत. त्याआधी राख झटकायचं काम माझं.

उन्हाळ्यात त्याचं खाणं कमी झालं, मग सुटलंच. काखेत आणि कानामागं केसांच्या गाठी झाल्या होत्या, त्यांत गोचिड्या. खालची कातडी लाल, तिला वास येऊन राहिला होता. म्हशीला टोचायला आलेल्या डॉक्टरनं पाहिलं. "केस काढा," तो म्हणाला. "जखमेत किडे पडले तर वाचायचं न्हाई." जाताना मलम देऊन गेला.

"काढू," सासरे म्हणाले, "पाहुणे येऊन गेले की."

नणंदेला पाहायला सेनगावकडचे लोक येणार होते. मध्यस्थानं त्यांना आमचं घर सांगताना आधी जमीन सांगितली, मग विहीर, मग विलायती कुत्रं. नणंद शिवण शिकली होती, ते त्यानंतर.

"केस काढल्यावर राहतंय काय त्याच्यात?" सासरे म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बोलत नाही. सासूबाईंना म्हणाले, "आत्या, पाहुण्यांपर्यंत ते टिकत न्हाई."

"मला काहून सांगतीस? त्यांना सांग की."

मी सांगणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुत्र्यानं पाणीही सोडलं. सासरे बाहेर गेले होते. मी नणंदेची कात्री मागितली.

"कापडाची हाय वैनी, बोथट व्हईल," ती म्हणाली. मग कुत्र्याचं डोकं मांडीवर धरून बसली. "कापा. आज याचं रूप बघा, उद्या माझं."

केस उतरत गेले तसं आतून आमच्या गल्लीतलंच एखादं कुत्रं निघालं. मलम पुरलं नाही, तिथं हळद भरली. तेवढ्यात त्यानं अंग झटकलं आणि उरलेल्या पांढऱ्या केसांवर सगळी हळद पसरली. पुसली तशी आणखीच पसरली.

सासूबाईंनी येऊन पाहिलं. "पोरीच्या आधी यालाच हळद लागली म्हणायची."

सासरे आले. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, म्हणून सासूबाईंनाच बोलले, आणि बराच वेळ बोलले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "उकाडा व्हता."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या विचारलं, "ते विलायती कुत्रं कुठं हाय?"

सासऱ्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. "हे काय. उन्हाळ्यात तिकडं असंच भादरत्यात."

"आन पिवळं काहून?"

"वसमतची हळद हाय. भेसळ न्हाई."

म्हातारा मान हलवत राहिला. "तरीच. आमी आमच्या कुत्र्याच्या अंगावर उगंच केस ठेवले." मग त्यानं नणंदेला स्वयंपाक येतो का एवढं विचारलं आणि पुन्हा कुत्र्याकडं वळला. ते काय खातं, कुठं झोपतं, किती वर्षं जगतं. सासरे न अडखळता उत्तरं देत होते. मी दाराआडून बघत होते. कुत्र्यानं रात्रीपासून नुसतं पाणी घेतलं होतं.

पोरगी पसंत आहे असं म्हातारा म्हणत होता, तेव्हा कुत्रं खाटेखालून निघालं. त्यानं म्हाताऱ्याची शिऱ्याची बशी हुंगली आणि तोंड घातलं. सासऱ्यांनी हात उगारला.

मी पदर सावरून बाहेर आले. परक्या पुरुषांत अशी मी कधी आले नव्हते. दूध-भाकरीची ताटली सासऱ्यांच्या पायाशी ठेवली आणि कुत्र्याला तिकडं वळवलं. ताटली रिकामी होईपर्यंत मी तिथून हलले नाही.