धुतलेल्या काड्या

जावईबापू मदतीला उठले, तेव्हाच घरातल्या कुणीतरी त्यांना पुन्हा झोपवायला हवं होतं. पण बायको अजून अंथरुणात होती आणि तिची आत्या खताच्या ढिगाशी. हे एकटेच रोपांच्या शेडमध्ये शिरले. बघतात तर काय, ट्रेमध्ये खोचलेल्या लाकडी काड्या चिखलानं बरबटलेल्या. गृहस्थ ऑफिसात टाचणीसुद्धा पुसून ठेवणारे. त्यांनी सगळ्या काड्या उपटल्या, साबणाच्या पाण्यात घासल्या आणि ओळीनं उन्हात वाळत घातल्या. चिखल गेला. पेन्सिलीनं लिहिलेली रोपांची नावंही गेली.

आत्या आल्या. एक कोरी काडी उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली.

"छान निघाल्यात," त्या म्हणाल्या.

पाऊस ओसरला, की शेजारची पाच घरं कामं वाटून घेत. सुतारकाका सगळ्यांची कुंपणं नीट करत, दूधवाल्या काकू शेणखत देत आणि रोपं आत्यांची. दोन एकरांवर एकट्या राहणाऱ्या या बाईंचे गुडघे उठताबसता तक्रार करत, पण कुठला ट्रे तहानलाय हे त्या दारातूनच सांगत. तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाकडे चुकीचं रोप गेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रोपं न्यायला येणार होते.

टोमॅटो, मिरची आत्यांनी चटकन वेगळी केली. गाडी अडली ती कोबी, फ्लॉवर आणि नवलकोलाच्या नऊ ट्रेंपाशी. कोवळेपणी ही भावंडं इतकी सारखी, की जन्मदात्रीनंही फसावं.

"सगळा कोबीच म्हणून देऊन टाकू," जावईबापू हळूच म्हणाले. "कोण विचारायला येतंय?"

"दोन महिन्यांनी गड्डाच बोलेल."

सकाळी टोपल्या घेऊन मंडळी जमली. आत्या हात पुसत उभ्या राहिल्या. "या नऊ ट्रेंची नावं मला सांगता येत नाहीत. चूक आमच्या घरची. प्रत्येकातून चार-चार रोपं घ्या, म्हणजे तिन्ही वाट्याला येतील."

कुणाची चूक, ते त्यांनी सांगितलंच नाही. ते मात्र जावईबापूंना सोसवेना.

"काड्या मी धुतल्या," ते म्हणाले.

सुतारकाकांनी मान डोलावली. "तरी म्हटलं, आज शेडमध्ये साबणाचा वास कसा."

"चार दिवस आमच्याकडे पाठवा हो यांना," दूधवाल्या काकू म्हणाल्या. "म्हशी धुवायच्यात."

मग सगळे तिथेच फतकल मारून बसले. चार-चार रोपं मोजायची, ओल्या कागदात गुंडाळायची, मध्येच हिशेब चुकला की जावईबापूंना दोष द्यायचा. चहा दोनदा झाला. जाताना सुतारकाका म्हणाले, "आत्या, पुढच्या वर्षी मला मिरची जास्त लागेल, आत्ताच सांगून ठेवतो." आत्यांनी नुसतं "बरं" म्हटलं, पण त्यांचे खांदे सैल झालेले जावईबापूंनी पाहिले.

दुपारी दोघं उरलेली रोपं वाफ्यात लावत होते. जावईबापूंना राहवेना.

"आत्या, तुम्हाला माझा राग नाही आला?"

आत्यांनी अंगठ्यानं रोपाभोवतीची माती दाबली.

"आलाय. लावणी उरकली की काढते."