सुकापूरला नेलेले तीन हॅलोजन

नव्वद सालाच्या आसपास पनवेलमध्ये माझा फोटो स्टुडिओ होता. भांड्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून जायचा. खाली दिवसभर पातेल्यांवर नावं कोरायचं काम चाले. त्या टकटकीमुळे फोटोला बसलेलं माणूस नेमकं नको तेव्हा डोळे मिटायचं. बाई फोटो काढते याचं तेव्हा लोकांना नवल होतं, पण लग्नाच्या मुलींच्या आयांना ते सोयीचं वाटे. मुलीची मान वळवायला, पदर सारखा करायला पुरुषमाणूस हात लावणार नाही, एवढ्यावर माझा निम्मा धंदा उभा होता.

उरलेला निम्मा माझ्या दिव्यांवर होता. लग्नाआधी चार वर्षं मी मुंबईत एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे निगेटिव्हवर पेन्सिलीनं लोकांच्या सुरकुत्या पुसत असे. चेहरा सुंदर कसा दाखवायचा हे त्यांच्याकडे बघून शिकले. मुख्य दिवा चेहऱ्याच्या अगदी समोर, पण डोक्याच्या हातभर वर. मग नाकाखाली फुलपाखरासारखी लहानशी सावली पडते. सावली ओठाला टेकली तर दिवा फार वर गेला, दिसेनाशी झाली तर फार खाली आला. दिव्यापुढे बटर पेपर लावायचा, म्हणजे उजेड मऊ होतो. माणसाच्या पोटाशी पांढरा थर्माकोल आडवा धरायचा, तो वरचा उजेड परत गळ्यावर आणि डोळ्यांखाली फेकतो. एक दिवा मागून केसांवर आणि एक पडद्यावर. मोठ्या स्टुडिओंत फ्लॅश आले होते, पण मला हॅलोजनच आवडत. फोटो काढायच्या आधीच सावली दिसते. घाम फार येतो, एवढंच.

एके दिवशी सुकापूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. भातशेतीतली बरीचशी जमीन वसाहतीसाठी गेली होती आणि आता त्यांचा विटा-रेतीचा व्यवसाय होता. मुलगी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. सावळी, रुंद कपाळाची, आणि हसताना फक्त डावीकडून हसणारी. सोबत आत्या होती. तिनं आल्या आल्या सांगितलं की पोरगी उजळ दिसली पाहिजे. मी म्हटलं, उजळ नाही, नीट दिसेल.

मुलीला सगळ्यात चौकशा. दिवा एवढा वर का, कागद जळत कसा नाही, थर्माकोल काढला तर काय होईल. मी तिला आरशात दाखवलं. थर्माकोल काढल्याबरोबर तिच्या डोळ्यांखाली खड्डे पडले. ती म्हणाली, "ताई, म्हणजे ऑफिसात मी रोज अशी दिसते." मी म्हटलं, सगळेच दिसतात, ट्यूबलाइट वरूनच असते. त्यावर ती डावीकडून हसली आणि मी बटण दाबलं. तो फोटो खरोखर चांगला आला. पेन्सिल लावावीच लागली नाही.

तीनेक आठवड्यांनी तिचे वडील एकटेच जिना चढून आले. बसले, पाणी प्याले. मग त्यांनी झालेली हकिगत सांगितली. फोटो द्रोणागिरीकडच्या एका घरी गेला होता. पूर्वीची मिठागरवाली माणसं, मुलगा बंदराकडच्या एका गोदामात सुपरवायझर. फोटो पसंत पडला, मंडळी बघायला आली. मुलगी बाहेर आली, पोहे दिले, बसली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा प्याले, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग मुलाच्या आईनं शांतपणे सांगितलं, "आता फोटोतली पोरगी बोलवा."

हीच ती, असं सांगून सांगून मुलीच्या वडिलांचा घसा बसला. त्या बाईंनी फोटो मुलीच्या गालाला लावून पाहिला. कान जुळतात म्हणाल्या, बाकी नाय. मुलाच्या मामांना संशय होता की धाकटी दाखवून थोरली देताहेत. धाकटी नव्हतीच, घरात धाकटा मुलगा होता, तोही त्यांना दाखवण्यात आला. शेवटी पाहुणे भांडण न करता उठले. आमी वाईट मानत नाय, म्हणाले, पण हीच ती असेल तर एकदा दाखवा, मग बोलू.

"मग तुम्ही काय ठरवलंत?" मी विचारलं.

"बाई, तुमी लायटी घेऊन या," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. लग्नाच्या बैठकीत दिवे लावायचे म्हणजे मुलीचा अपमान आहे, असंही म्हटलं. ते म्हणाले, पोरगीच म्हणतेय बोलवा. मग मी दिवस विचारून घेतला. खरं सांगायचं तर मलाही ते लागलं होतं. माझ्या फोटोला कोणी खोटा म्हणावं, आणि तोही पेन्सिल न लावलेल्या फोटोला.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी टेम्पोत तीन हॅलोजन, तीन स्टँड, निळा पडदा, कॅमेरा आणि थर्माकोलचा तक्ता घालून मी सुकापूरला गेले. थर्माकोल वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्याच्यावर बसले होते. गावात शिरताच शूटिंग आलं अशी बातमी पसरली. आम्ही पोचेपर्यंत दारात चाळीसेक माणसं होती आणि दोन बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा उंच, वाकून चालणारा. आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. मी ओटीवर पडदा बांधला, स्टूल ठेवलं, दिवे लावले. पहिला लागला. दुसरा लावताच घरातला पंखा थांबला आणि तिसऱ्याला मीटरजवळ काहीतरी फुटलं. मुलीच्या वडिलांनी विचारच केला नाही. समोर पिठाची गिरणी होती, तिथून त्यांनी वायर ओढून आणली. पण गिरणी चालू झाली की माझे दिवे मंद होत, म्हणून गिरणी बंद करावी लागली. तांदूळ दळायला आलेल्या बायका डबे घेऊन ओटीच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणजे गावात त्या दुपारी भाकरीचं पीठ पडेना, कारण मुलगी फोटोसारखी दिसते का हे ठरायचं होतं.

मुलगी स्टुलावर बसली. फोटोत होती तीच साडी. मुलाची आई फोटो हातात धरून समोर खुर्चीवर बसली, अगदी परीक्षा घेणाऱ्यासारखी. त्यात राग नव्हता, टवाळी नव्हती. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

मी मुख्य दिवा लावला. त्यांनी फोटो पाहिला, मुलगी पाहिली.

"नाय."

दिवा चार बोटं खाली घेतला, बटर पेपर लावला. त्या जरा पुढे झुकल्या. "जवळ आली," म्हणाल्या. पडद्यावरचा आणि केसांवरचा दिवा लावल्यावर पायरीवरच्या बायकांमधून हुंकार आला. तरी त्यांची मान हलेना. मग मी थर्माकोल उचलला. तेवढ्यात मामा उठले. तक्ता मीच धरतो म्हणाले, म्हणजे त्यात काय बनवाबनवी असेल तर कळेल. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी तपासला, वास घेतला आणि मी सांगितलं तसा मुलीच्या पोटाशी धरला.

"हीच," मुलाची आई म्हणाली.

मामांनी तक्ता खाली केला. "गेली," सगळे म्हणाले. वर केला. "आली." मामांना ते फार आवडलं. त्यांनी सावकाश खाली घेतला, सावकाश वर घेतला, एकदा नुसता तिरका केला. दर वेळी ओटीपासून गिरणीपर्यंतची माणसं एका आवाजात सांगत होती, आली, गेली, अर्धी आली. मी स्वतःही म्हणत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. मुलगी मात्र तीन हजार वॅटच्या उजेडात घामानं निथळत सरळ बसून होती.

शंका फिटली, पण नवी निघाली. मुलाच्या आईनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं की घरी नेल्यावर हा तक्ता कोण धरणार. त्या नवीन बंगला बांधत होत्या. दिवे कुठे बसवले तर अशी दिसेल, ते मी गवंड्याला सांगून ठेवावं, अशी त्यांची इच्छा होती. आणि मीसुद्धा, माझंच मला अजून नवल वाटतं, त्यांना अगदी मनापासून सांगू लागले की उत्तरेला मोठी खिडकी काढा, समोरची भिंत पांढरी ठेवा, लादी काळी घेऊ नका. मामा मध्येच म्हणाले, सैपाकघर दक्षिणेला काढलंय. त्यावर दोघं बहीण-भाऊ काळजीत पडले.

हे सगळं मुलगी ऐकत होती. ती स्टुलावरून उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, आता यांना बसवा."

तिनं बोट मुलाकडे दाखवलं होतं. कोणी काही बोलायच्या आत मुलगा उठला आणि मुकाट्यानं स्टुलावर येऊन बसला. दिवा मुलीच्या उंचीला लावलेला, हा तिच्यापेक्षा वीतभर उंच. उजेड भलतीकडेच पडला. मी दिवा वर घेऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, मी घेते, आणि तिनं स्टँडची खुट्टी सैल करून दिवा स्वतः वर चढवला. फार वर. मुलाचं नाक लांब होतं. त्याची सावली मिशी ओलांडून खालच्या ओठावर आली. पायरीवरच्या बायका हसल्या. त्याच्या आईनं घाईनं सांगितलं, तो असा नाय दिसत.

"तेच म्हणते मी," मुलगी म्हणाली.

तिनं दिवा उतरवला, बेतानं, अगदी मी दाखवला होता तसा. सावली नाकाखाली लहान झाली. तिनं थर्माकोलसाठी मामांकडे पाहिलं. मामांनी धरला. मुलगा बरा दिसू लागला, मग चांगलाच दिसू लागला. त्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. त्यांना तो बहुधा बारशानंतर प्रथमच असा दिसला असावा.

एवढ्यात तो बोलला. त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

"इथनं मला समोरचं कायच दिसत नाय."

"मलापण नव्हतं दिसत," ती म्हणाली.

"सगळा काळोख हाय. नुसते आवाज येतात. आली, गेली."

"आपण आलो का गेलो ते आपल्यालाच कळत नाही," ती म्हणाली आणि डावीकडून हसली. पण ते त्याला दिसलं नसणार. मग तिनं मला दिवे बंद करायला सांगितले. मी एकेक करून तिन्ही बंद केले. हॅलोजन विझल्यावर घटकाभर सगळंच हिरवट दिसतं. दोघांनी डोळे चोळले आणि तो हिरवटपणा जाईपर्यंत ती दोघं एकमेकांकडे बघत थांबली. त्याचे डोळे खोल, तिच्या डोळ्यांखाली रोजचे खड्डे, दोघंही घामेजलेली. तेवढ्यात गिरणीवाल्यानं विचारलं की झालं का, आणि मुलीच्या वडिलांनी झालं म्हणून सांगितलं. गिरणी सुरू झाली.

दिवे आवरताना कॅमेरा उचलला तेव्हा लक्षात आलं, मी त्यात रोल भरलाच नव्हता. इतका सगळा उजेड लावून त्या दुपारी एकही फोटो निघाला नाही. कोणी मागितलाही नाही.

संध्याकाळी मला जाऊ देईनात. शेतात पोपटी लावली होती, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भरून मडकं जाळात उलटं घातलेलं. पाहुणेही थांबले होते. मामा शेंगा सोलत मला विचारत होते की थर्माकोलऐवजी पांढरं धोतर चालेल का. चालेल म्हटलं. मुलगी बायकांत बसली होती, मुलगा पुरुषांत, आणि होकार-नकाराचा विषय कोणी काढला नाही.

पुढचं मला तिनंच सांगितलं, नंतर एकदा पासपोर्ट फोटोला आली तेव्हा. आठ दिवसांनी त्यानं तिच्या ऑफिसात फोन केला. फोन अर्थातच तिनंच उचलला. त्यानं कंपनीचं नाव विचारून घेतलं आणि अदबीनं सांगितलं की तुमच्याकडे एक ऑपरेटर आहेत, त्यांच्याशी बोलायचंय. ती म्हणाली, कृपया लाइनवर थांबा. मग तिनं त्याला पाचेक मिनिटं थांबवलं, पाणी पिऊन आली आणि वेगळ्या आवाजात म्हणाली, बोला. वैशाखात लग्न झालं. बंगल्याला उत्तरेकडे मोठी खिडकी काढली, पण तिथे त्याच्या आईनं स्वतःची खुर्ची टाकली, आणि त्या तिथे दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत.

मला मात्र त्या दुपारचा बराच काळ त्रास झाला. पनवेलच्या आसपास बातमी पसरली आणि लोक येऊन विचारू लागले की दिवे घेऊन घरी येता का. एका आईला मुलीबरोबर दिवाणखानाही उजळ हवा होता. शेवटी जिन्याखाली पाटी लावली, फोटो येथेच काढले जातील. त्यानंतर फक्त एका बिल्डरला मी हो म्हटलं. त्याला सुकापूरचा एक फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवायचा होता आणि आतली खोली फार लहान दिसत होती. मी दोन दिवे घेऊन गेले. खोली मोठी दिसली, गिऱ्हाइकं खूश झाली, आणि मला एकटीलाच घाम आला.