बॉलवरची तेलाची वळी

साताऱ्याच्या एमआयडीसीत, पंपदुरुस्तीच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे क्रांती बोलिंगच्या, म्हणजे घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडायच्या खेळातल्या, जड बॉलला बोटं घालायची भोकं पाडून देते. तिचा नवरा जयराज सैन्यातल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, त्यानं भोकं पाडायचं हे मशीन टाकलं आणि धंदा जरा उभा राहतोय तोच तो हृदयविकारानं गेला. क्रांती बीएस्सी झालेली. मशीन विकायला लोक सांगत होते, ती मशीनसमोरच जाऊन उभी राहिली. आता पुण्याचे खेळाडूसुद्धा तिच्याकडे बॉल पाठवतात.

नव्या गिऱ्हाइकाला ती सांगते, "बॉल वरून गोल, पण आत सगळीकडे सारखा जड नसतो. आंब्यात कोय असते तसा आत जड गाभा असतो. त्याचा माथा कुठे आहे ते हा रंगीत टिपका दाखवतो. टिपक्यापासून किती लांब आणि कोणत्या अंगाला भोकं पाडली, त्यावर फेकताना गाभ्याला किती कल मिळेल ते ठरतं. कललेला गाभा डुलत जातो, आणि शेवटी बॉल झपकन वळतो."

तिचा एकुलता एक मुलगा विश्वजित राज्याच्या संघासाठी धडपडत होता. हायवेजवळच्या बोलिंगच्या हॉलमध्ये रोज सराव. तिथल्या लेनवर, म्हणजे बॉल ज्यावरून धावतो त्या लांब पट्टीवर, तेल असतं, आणि फिरत जाणाऱ्या बॉलच्या अंगावर त्या तेलाची कड्यांसारखी बारीक वळी उमटतात. हाताचा पीळ जोरकस असेल तर ती एकमेकांपासून फाकतात, ढिला पडला तर जवळ येतात. बॉल पुसण्याआधी क्रांती ती वळी बघायचीच. पोराचा चेहरा वाचावा तशी.

गेल्या मे महिन्यात वळी एकमेकांच्या जवळ आलेली दिसली.

"हात दुखतोय का रे?"

"न्हाई गं. दमलो असेन."

निवडीच्या वर्षभर चालणाऱ्या फेऱ्या तोंडावर आल्या होत्या. क्रांतीनं जास्त खोदून विचारलं नाही. तिनं नवा बॉल घेतला आणि गाभ्याला थोडा जास्त कल येईल अशी भोकं पाडली. हात जे करत नव्हता, ते बॉल करू लागला. हॉल सांभाळणारा धनाजी तिला बघून ओरडला, "आवं वैनी, पोराचा बॉल बघा की! सापावानी वळतोय. घरी दूध पाजता का काय त्याला?"

सगळे हसले. विश्वजितही हसला, आणि क्रांतीही.

दिवाळीनंतर वळी पुन्हा जवळ आली. तिनं आणखी कल दिला. संक्रांतीला पुन्हा. दर वेळी ती मनाला समजवायची, निवड होऊ दे, मग बघू. पण कल द्यायलाही हद्द असते. एका मापानंतर गाभा कितीही फिरवला तरी बॉल जास्त वळत नाही. ती हद्द आली तेव्हा तिला मशीनपाशी उभं राहवेना.

त्याच आठवड्यात हात मागे नेताना विश्वजितच्या बोटांतून बॉल सुटला आणि त्याच्याच पाठीमागे आपटला. धनाजीनं या खेपेला थट्टा केली नाही. क्रांतीला फोन केला.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा उजवा हात उताणा-पालथा केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसून गेला होता. करंगळीला टाचणी लावलेली त्याला कळली नाही.

"कोपरापाशी नस दाबली गेलीय. ऑपरेशननं आहे ते टिकेल. गेलेली ताकद परत येईलच असं नाही. कधीपासून होतंय?"

"पंधरा दिवस झाले असतील," विश्वजित म्हणाला.

डॉक्टर लिहू लागले. क्रांतीनं पदर मुठीत धरला होता.

"मे महिन्यापासून," ती म्हणाली.

विश्वजितनं मान वळवली. "तुला कसं माहीत?"

"बॉलवरून कळत होतं. वळी जवळ येत होती."

"आणि तू?"

"मी कल वाढवत गेले. निवड होती ना तुझी. वाटलं, तेवढ्यापुरतं बॉलनं भागेल."

विश्वजितनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "आई, मुंग्या यायच्या मला. पण बॉल इतका छान वळायचा, की म्हटलं हात ठीकच असणार. नाहीतर तुला सांगितलं असतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लवकर आला असतात तर, एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये विश्वजित खिडकीपाशी बसला. मध्ये क्रांती, कडेला मुंडासं बांधलेले एक म्हातारबा. पेठनाक्याच्या पुढे विश्वजितनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण फिरेना. त्यानं डाव्या हातानं करून पाहिलं, बाटली गुडघ्यांत दाबून पाहिलं. क्रांतीनं हात पुढे केला.

त्यानं तिच्यावरून बाटली पलीकडे दिली. "आवं बाबा, जरा उघडून देता का?"

म्हाताऱ्यानं झाकण उघडलं. "एवढ्या तरण्या पोराला झाकण उघडंना व्हय रं!" असं म्हणून तो हसला, आणि त्यानं बाटली परत विश्वजितकडे देण्यासाठी क्रांतीच्या हातात ठेवली.