सोमजाई मावशीची गच्च ताटली

थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठात सोमजाई मावशी वीस वर्षं कर्करोगाच्या पेशी पोसते आहे. सकाळी उबेचं कपाट उघडलं, की पहिला प्रश्न, "काय गं बायांनो, जेवलात का?" इथे शेजारणी भेटल्यावर विचारतात ना, अगदी तस्सा.

पेशी पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या. कच्चा मासा खाणाऱ्या आसपासच्या गावांत हा रोग ओळखीचा. मावशीचा थोरला भाऊ त्यानेच गेला. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख, आचान (म्हणजे प्राध्यापक) वोरानुच, नवं औषध घेऊन आल्या तेव्हा मावशीने नीट ऐकून घेतलं. गाठीला लोखंडाची भारी हाव. औषधाने त्याच लोखंडाकरवी पेशीच्या पापुद्र्यातली चरबी खवट करायची, की पापुद्रा फाटतो आणि पेशी मरते.

बँकॉकच्या प्रयोगशाळेत या औषधाने पेशी मरत होत्या. मावशीकडे तीनदा औषध घातलं, तीनदा पेशी ठणठणीत! चौथ्यांदाही हेच झालं, तर सगळं काम बँकॉकला जाणार होतं.

"औषधच शिळं असेल," मावशी फुरंगटली.

"कालच बाटली फोडली, मावशी." आचाननी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अगं बाई! ही काय जत्रा भरवलीत? कागदावर निम्मी ताटली सांगितली होती ना?"

"निम्मी बघवते का हो? पाहुण्याला अर्धपोटी उठवल्यासारखं वाटतं. मी आपली पेशींचे चार थेंब जास्त घालते. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून!" आचान कपाळाला हात लावून हसतच सुटल्या. "अहो, दाटीवाटीत या एकमेकींना धरून राहतात. मग लोखंडाचं काही चालत नाही. तुमच्या लाडाने वाचल्यात सटव्या!"

चौथ्यांदा मावशीने विरळ पेशी पेरल्या. हात आखडताना तिचा जीव कासावीस.

दुसऱ्या दिवशी पेशी फुगून फुटलेल्या. शेजारच्या ताटलीत लोखंड बांधून ठेवणारं औषधही घातलं होतं, तिथल्या मात्र जिवंत. म्हणजे मारेकरी लोखंडच.

"काम इथेच राहिलं, मावशी!"

"माणसांना कधी देणार?"

"आधी उंदीर. मग बरीच वर्षं. जमेल की नाही, तेही माहीत नाही."

"होऊ दे सावकाश. मी कुठे चाललेय?"

दुपारी तिने चिकट भाताची टोपली उघडली. झाकण बसत नव्हतं, इतकी दाबून भरलेली.

"मावशी, कागदावर निम्मी..."

"ते त्या सटव्यांना. तुम्ही हात धुऊन बसा मुकाट्याने."