मेलेला तारा आणि हिंगणघाटची गठाण

आमच्या स्टाफरूममध्ये कप फुटले नसतील तेवढे वानखडे सरांचे किस्से साठले. विसरावं म्हटलं, तर एखादा जुना विद्यार्थी भेटतो अन् नवाच ऐकवून जातो!

सत्तरचं दशक संपत आलेलं. हिंगणघाटच्या कॉलेजात फिजिक्सचे आम्ही तिघं: मी, वानखडे सर अन् लॅब अटेंडंट सुदामभाऊ. सुदामभाऊ आधी जिनिंगच्या प्रेसवर कापूस दाबून गठाणी बांधायचा. सर मात्र पाच वर्षांपासून टेम्पररी. वहिनी दर एप्रिलला विचारायच्या, "यंदा तरी पक्के होता का?" अन् सरांचं सगळं ध्यान मेलेल्या ताऱ्यांत!

*

एकदा सर वर्गात म्हणाले, "मेलेल्या ताऱ्यात पदार्थ इतका दाबला जातो, की चमचाभर माल अख्ख्या डोंगराएवढा जड!"

मागून रोहणा गावचा पोरगा उठला. "सर, मंग चमचा कायचा घ्याचा?"

सरांनी प्रश्न वहीत लिहून घेतला.

*

मग त्या पोराच्या गावी, रोहण्यातच सरांचं भाषण ठेवलं. "त्या ताऱ्यावर डोंगर बोटभरही उंच राहत नाही. गुरुत्वाकर्षण चेपून टाकतं!"

समोरचे आजोबा खूश. "बरं हाय नं! वावर सपाट भेटन."

"आजोबा, माणूसही चपटा होईल!"

"मंग धुऱ्या-बांधावरून भांडन तरी कोन?"

*

पुढचं आठवलं की मला अजून घाम फुटतो. दाबलेला पदार्थ मोकळा सोडला तर काय होतं, हे सरांना दाखवायचं होतं. सुदामभाऊनं जुन्या दोस्तांकडून छोटी गठाण बांधून आणली. सरांनी लोखंडी पट्ट्या कापायला लावल्या अन् कापूस असा फुगला, की टेबल दिसेना! नेमके प्राचार्य दारात. मिशीत कापूस.

"प्राचार्य सर, गुरुत्वाकर्षण काढलं की तारा असाच फुटतो!"

"वानखडे, आधी झाडू आणा. सोमवारी कमिटी येऊन राह्यली!"

बाप रे! सरांची नोकरी याच कमिटीच्या हातात होती.

*

सोमवारी मी कोपऱ्यात देव आठवत बसलो. बाहेरून आलेल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "तारा दबतच जातो म्हणता. मग थांबतो कशानं?"

रोज तासभर बोलणारे सर खिशात खडू शोधायला लागले! तेवढ्यात चहा घेऊन आलेला सुदामभाऊ बोलला, "साहेब, मी बारा वर्सं प्रेसवर होतो. कापूस दाबा, अजून दाबा. एका टायमाले कापूसच मशीनले म्हनते, आता बस!"

साहेब हसले. सरांना खडू सापडला. "अगदी तसंच! कण एकमेकांत आणखी शिरायला तयार नसतात..." अन् सर असे सुटले, की चहा गार झाला. साहेबांनी फाईलवर सही केली. हुश्श! मला तर रडूच आलं.

उठता उठता साहेबांनी सुदामभाऊला छेडलं, "अन् मशीनचा जोर त्याहून जास्त असला तर?"

सुदामभाऊ कप गोळा करत होता.

"मंग साहेब, 'आता बस' सांगाले कोन राह्यते?"